रविवारचे ठिपके

मी डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकवते. कलबुर्गीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात, गेली चौदा वर्षं. हे कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे टीव्ही दुरुस्त करता येतो का तुम्हाला?" माझी माय तर गावभर सांगत सुटायची, "माझी लेक पोरांना फोन शिकवती." मी चिडायचे. फोन काय शिकवायची गोष्ट आहे? माय म्हणायची, "मग काय शिकवतीस ते सरळ सांग की." आणि मला सरळ सांगता यायचं नाही.

एकदा मात्र सांगितलं होतं. औरादच्या बाजूला, संतपूरच्या पुढं आमचं गाव. सुट्टीत गेले होते. माय ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती आणि मी तिच्यापुढं पाय पसरून, काहीही न करता. ती म्हणाली आज सांगच. मग मी म्हटलं, बघ माय, आवाज सलग असतो, पाण्याच्या धारेसारखा. यंत्राला ती धार जशीच्या तशी धरून ठेवता येत नाही. ते ठरावीक वेळानं एकेक माप घेतं आणि मधलं सोडून देतं. नंतर त्या मापांवरून आवाज परत उभा करायचा, ही आमची विद्या.

माय सुपातनं वर न बघता म्हणाली, "आन् मदलं कुटं जातं?"

तिसऱ्या वर्षाच्या पोरांना हा प्रश्न अख्ख्या सेमिस्टरमध्ये पडत नाही. मी खूश झाले. म्हटलं, मधलं जात नाही, माय. मापं पुरेशी दाट घेतली तर मधलं सगळं परत मिळतं, कणभर कमी न होता. गणितानं सिद्ध झालंय ते.

"आन् दाट न्हाई घेतली तर?"

"तर भलतंच काहीतरी उभं राहतं. आणि वाईट म्हणजे ते खरंच वाटतं."

"मग दाट घ्यावीत की बाई," माय म्हणाली, "तुमचं काय जायलंय?" आणि सूप पाखडून उठली. आमचं त्या विषयावरचं बोलणं एवढंच.

अप्पा जाऊन सहा वर्षं झाली होती. मी एकुलती एक. माय गावात एकटी राहायची आणि शेजारी आमची अक्का. अक्का म्हणजे नात्यातली नव्हे, भिंतीला भिंत लागून घर असलेली विधवा बाई, मायपेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मायला मी दोनदा कलबुर्गीला आणून बघितलं. दहाव्या दिवशी ती पिशवी भरून दारात उभी. "इथं सगळी दारं लावून बसतेत. मला गुदमरायलंय," म्हणाली. मला राग आला. मी तिला बीदरच्या गाडीत बसवलं आणि घरी येताना तिच्यावर मनातल्या मनात बडबडत आले, की इतकी चांगली हवेशीर गॅलरी आहे आणि हिला गुदमरतंय. गुदमरायलंय हा शब्द तिनं खरोखरीच्या अर्थानं वापरला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेली बाई ती. तुराट्यांचा धूर, पराट्यांचा धूर, पावसात ओल्या गोवऱ्यांचा धूर. गॅस आला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तूर काढायच्या दिवसांत भुसकट उडालं आणि तिचा दम असा काही लागला की अक्कानं मला फोन केला. मी बीदरला गेले, मायला तिथं बोलावून घेतलं, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, पंप लिहून दिला. तोंडात धरून दाबायचा आणि श्वास आत ओढायचा, तो पंप. सकाळी दोन दाब, संध्याकाळी दोन दाब, रोज, चुकवायचं नाही. कसा घ्यायचा ते त्यांच्याकडच्या नमुन्याच्या पंपावर, समोर बसवून शिकवलं. माय चटकन शिकली. डॉक्टर म्हणाले, तुमच्या आई हुशार आहेत.

बसस्टँडवर आल्यावर माय म्हणाली, "पंप म्हंजे शेवटचं असतंय. एकदा सवय लागली की मरस्तोर सुटत न्हाई."

मी तिथंच, लोकांसमोर, तिच्यावर ओरडले. शिकल्यासवरल्या घरातली तू, विहारात पुढं बसून वंदना घेणारी तू, आणि असल्या गावगप्पांवर विश्वास ठेवतेस? माय आजूबाजूला बघत म्हणाली, "हळू की बाई, घेती मी. वरडायलीस कामून?" तिला औरादच्या गाडीत बसवून मी कलबुर्गीला परतले. आपण आपलं काम चोख केलं असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर, गाडीत मला चांगली झोपही लागली. तो शनिवार होता.

आमचा फोन रविवारी साडेनऊला. ही वेळ मी ठरवलेली, तिनं नव्हे. आठवडाभर कॉलेज, पेपर, घर, पोरांचे डबे. रविवारी त्या वेळी नवरा बाजारात जायचा, मी चहाचा दुसरा कप घेऊन गॅलरीत बसायचे आणि फोन लावायचे. माय दुसऱ्या रिंगला उचलायची. कधी तिसरी रिंग गेली नाही. मला कौतुक वाटायचं, या वयात केवढी चपळ आहे बघा.

"काय करायलीस बाई? जेवण झालं का?"

"साडेनवाला कुणी जेवतं का माय? तू कशी हायस?"

"मला काय धाड भरली? बरी हाय की."

"पंप घेतीस का?"

"घेती की."

"विहारात गेलतीस?"

"आत्ताच आले जाऊन."

आवाज ठणठणीत. मधे खोकला नाही, धाप नाही. अर्धा तास ती बोलायची. पाऊस, सोयाबीन, ठाणाकुशनूरच्या माझ्या मावशीचे गुडघे, अक्काची म्हैस. मी फोन ठेवायचे आणि माझा आठवडा सुरू व्हायचा. अधनंमधनं विचारायचे, पंप संपला का गं, नवा पाठवू का? ती म्हणायची, "हाय अजून. लई पुरतंय बघ ते."

एका पंपात एकशेवीस दाब. दिवसाला चार. तीस दिवसांत संपला पाहिजे. हा हिशोब तिसरीतलं पोर करेल. मी एम.टेक. झालेली बाई, मी "बरं झालं" म्हणून विषय बदलायचे. हात मोडले माझे, दुसरं काय म्हणू?

वर्ष गेलं. परत तूर काढणी आली. एका बुधवारी, सकाळी सव्वाअकराला, मायचा फोन आला. लॅबमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती, बाहेरून आलेले परीक्षक शेजारी बसलेले. मी फोन घेतला आणि सांगितलं, "माय, परीक्षा चालू हाय, रैवारी बोलू, हां?" आणि ठेवला. संध्याकाळी आठवण आली होती. खोटं कशाला बोलू, आली होती. पण वाटलं, काही असतं तर परत केला असता. चार दिवसांवर तर रविवार आहे.

शुक्रवारी सकाळी अक्काचा फोन आला. मी पोचले तेव्हा मायला बाहेर अंगणात ठेवलेलं होतं आणि अक्का तिच्या उशाशी बसलेली होती. मी काय केलं, काय बोलले, मला आठवत नाही. मला खूप लोकांनी धरून ठेवलं होतं एवढं आठवतं.

जलदानविधी आटोपला, पाहुणे गेले. मग मी आणि अक्का दोघीच घरात राहिलो, आणि मी तिला विचारलं की माय अशी अचानक कशी गेली. रविवारी तर चांगली बोलली होती.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. "अचानक?" म्हणाली. "बाई, तुजी माय साल झालं घरातनं चूल ते न्हाणी एवढंच चालायलती. मदी दोनदा टेकायची. घागर मी आणून देयाची. विहाराच्या चार पायऱ्या चढवनात म्हून उन्हाळ्यापासनं विहार सुटलं तिचं."

"मग मला फोनवर..."

"फोनाच्या दिशी पंप घेयाची. रैवारी नवाला दोनदा फुसफुस करायची आन् भिताडाला टेकून बसायची, फोन मांडीवर घेऊन. धाप बसली की म्हनायची, आता येऊ दे. बाकीच्या दिशी हात लावायची न्हाई त्याला. सवय लागती म्हनायची. आन् रैवारी उपयोगी पडला न्हाई तर काय करू, म्हनायची."

माझं डोकं फिरलं. मी अक्कावर ओरडले. तुला दिसत होतं, तुझ्याजवळ फोन होता, माझा नंबर होता, मग कामून सांगितली न्हाईस? मी तिच्या हाताला धरून हलवलं. तिनं हात सोडवून घेतला नाही.

"तिनं आन घातली व्हती," अक्का म्हणाली. "लेक तिकडं नोकरी करती, पोरं सांभाळती, तिला घोर नको म्हनली. मी आन मोडायला पायजे व्हती. पण बाई, तू मला कवा इचारलीस? तुजा फोन रैवारचा. बाकीचे सा दिस हितं आमी दोघीच व्हतो."

मग ती रडायला लागली आणि मीही. मी तिची माफी मागितली की नाही ते आठवत नाही. मागितली असावी, कारण त्या दिवशी जेवायला तिनंच वाढलं.

पंप मला दुसऱ्या दिवशी सापडला. कपाटात, वंदनेला नेसायच्या तिच्या पांढऱ्या साडीच्या घडीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावलेला. त्याच्या पाठीवर बारीक खिडकी असते आणि तिच्यात उरलेल्या दाबांचा आकडा दिसतो. आकडा होता चौदा.

मी तिथंच जमिनीवर बसून हिशोब केला. एकशेवीसातून चौदा गेले, एकशे सहा. रविवारी दोन याप्रमाणे त्रेपन्न रविवार. मग फोन काढून आमचे रविवारचे कॉल मोजले. पंप आणल्या दिवसापासून बावन्न निघाले. मी परत मोजले. बावन्नच. तेव्हा आठवलं, मे महिन्यात मी हुलसूरला एका लग्नात होते आणि त्या रविवारी फोन करायचा राहून गेला होता. त्या रविवारीही मायनं दोन दाब घेतले होते. धाप बसवून, फोन मांडीवर घेऊन ती भिंतीला टेकून बसली होती. किती वेळ बसली असेल, ते कुणाला विचारायचं?

आता माझ्या विषयाची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. आमच्या पुस्तकात एक प्रकरण आहे. मापं विरळ घेतली तर जी खोटी लहर तयार होते, तिच्यावर. इंग्रजीत तिला मोठं नाव आहे. मी वर्गात तिला तोतया म्हणते, कन्नड पोरांनाही आता तो शब्द पाठ झालाय. आधी छताचा पंखा फिरवून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दाखवते. पंखा गरगर फिरत असतो आणि पडद्यावर पाती जागच्या जागी उभी. पोरं हसतात. मग फळ्यावर वरखाली जाणारी लहर काढते. म्हणते, आता समजा आपण माप घ्यायला बरोब्बर लहरीच्याच वेळेला आलो. दर वेळी लहर वर असतानाच. शेंड्याशेंड्यावर ठिपके देते, मूळ लहर पुसून टाकते, आणि विचारते, आता यावरून काय दिसतं? कुणीतरी पट्टी घेऊन ठिपके जोडतं. सरळ रेघ येते. मी विचारते, म्हणजे सिग्नल कसा आहे? सगळा वर्ग एका सुरात सांगतो, एकदम स्थिर आहे मॅडम, काही बदलच नाही. मग मी त्यांना वेड्यात काढते. हा माझा चौदा वर्षांचा हातखंडा तास.

माय गेल्यावर पुढच्या सेमिस्टरला ते प्रकरण आलं. मी लहर काढली, ठिपके दिले, लहर पुसली. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "स्थिर आहे, मॅडम." मी खडू हातात घेऊन उभी राहिले. ठिपके सात होते, पण मला ते बावन्न दिसत होते. दर रविवारी माझी माय वर आलेली असायची, मी तेवढंच माप घ्यायचे आणि सरळ रेघ ओढायचे. माय बरी आहे. चौदा वर्षं पोरांना ज्या चुकीवरून हसवलं, ती मी घरी वर्षभर न चुकता केली होती. तास अर्धवट सोडून मी स्टाफरूममध्ये आले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर मला एकच खूळ लागलं. मला तिचे मधले दिवस हवे होते. सोमवार कसा जायचा, गुरुवारी ती पाणी कशी तापवायची, झोपायची की बसूनच असायची. मी अक्काला भलत्याच वारी फोन करायला लागले. पहिल्यांदा ती दचकली. "आज कामून? आज तर मंगळवार हाय," म्हणाली. मग सांगायला लागली. सोमवारपर्यंत बरं असायचं. मंगळवारपासून धाप चढायची. शनिवारी बोलायची नाही, खुणेनं सांगायची, कारण शनिवारी बोललं तर रविवारी आवाज बसतो अशी तिची समजूत. मी आलेखाच्या कागदावर हे सगळं मांडलं. लहर आली थोडीफार, पण ती अक्कानं सांगितलेली, मी पेन्सिलनं काढलेली. वेळ निघून गेल्यावर मधलं परत मिळत नसतं. तेही गणितानंच सिद्ध झालेलं आहे आणि तेही मीच शिकवते.

माझ्या फोनवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. कॉलेजच्या भानगडींसाठी मी ती सोय कधीतरी चालू करून ठेवली होती. बावन्न रविवार मी लॅबच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, एका दुपारी, लॅब रिकामी असताना. कान लावून ऐकले, पडद्यावर पसरून बघितले. एखाद्या तरी रविवारी दोन शब्दांच्या मधे धाप सापडेल असं वाटत होतं. फोनची यंत्रणा मोठी शहाणी असते. तिला शब्द हवे असतात. श्वासाला ती कचरा समजते आणि झाडून टाकते. मायनं जे उरवलं होतं थोडंफार, ते फोननं झाडून टाकलं. "मला काय धाड भरली? बरी हाय की." बावन्न वेळा तेच.

मग ती बुधवारची फाइल दिसली. अकरा सेकंदांची. ती उघडायला मला पुढचा महिना लागला.

आवाज वाढवावा लागतो, पण ऐकू येतं. "हॅलो, माय, बोल." माझा आवाज, घाईतला. त्यानंतर शब्द नाही. एक श्वास आहे, फोनलाही पुरता झाडून टाकता न आलेला. आत जाताना शीळ वाजते, बाहेर येताना खरखरतो. परत आत, परत शीळ. ती शब्द जमवायला लागली आहे हे आता ऐकताना स्वच्छ कळतं. मग लॅबमधला गलका, आणि मी. "माय, परीक्षा चालू हाय, रैवारी बोलू, हां?" तिकडून "बा" एवढंच येतं. बाई म्हणायचं असणार. तिथं मी फोन ठेवलेला आहे.

पंपावर आकडा चौदा होता. तेरा असता, बारा असता, तर मी म्हटलं असतं की तिनं नेहमीसारखा दम लपवून, सहज फोन केला होता. पण त्रेपन्न रविवारांचे एकशे सहा आणि उरलेले चौदा, एकशेवीस पुरे होतात. बुधवारचा त्यात एकही नाही. पिशवी उघडली नव्हती, रबरबँड काढला नव्हता. वर्षभर जे माझ्यापासून लपवलं, ते त्या दिवशी तिला ऐकवायचं होतं. माझी माय पहिल्यांदा आहे तशी माझ्याशी बोलायला आली होती, आणि मी म्हटलं, रैवारी बोलू.